जय-पराजयापलीकडचा उद्योगपुरुष : शेठ वालचंद हिराचंद

वारज्याच्या कडेने मुंबई-बंगळुरू महामार्ग अहोरात्र वाहत असतो. या रस्त्याच्या मुंबईकडील टोकाला, कुर्ला येथे, एके काळी मोटारींचा मोठा कारखाना गजबजलेला होता. बंगळुरूच्या टोकाला विमानांचा कारखाना आजही उभा आहे. या दोन्ही कारखान्यांचे बीज एकाच पुरुषाने रोवले. तो सोलापूरच्या दिगंबर जैन व्यापारी घराण्यातला होता. त्याचे नाव शेठ वालचंद हिराचंद.

आज कुर्ल्याचा कारखाना काळाच्या उदरात गडप झाला आहे आणि बंगळुरूचा कारखाना सरकारच्या मालकीचा आहे. विमानांचा कारखाना तर स्थापनेनंतर अवघ्या सोळा महिन्यांत वालचंदशेठांच्या हातून गेला. त्यांची पहिली आगबोट भंगारात निघाली, त्यांनी उभारलेली गोदी पुढे सरकारजमा झाली. केवळ हार-जीत मोजणाऱ्याने त्यांच्या चरित्राची पाने चाळली, तर त्याला पानोपानी पराजयच आढळेल. आणि तरीही भारतीय उद्योगाचा इतिहास त्यांच्या नावावाचून लिहिता येत नाही. हे कोडे उलगडून पाहण्याजोगे आहे. कारण यश कशाला म्हणावे, हा प्रश्न आज प्रत्येक घरात, प्रत्येक दुकानात आणि प्रत्येक शाळेच्या मैदानावर उभा आहे.

घराणे आणि जडणघडण

वालचंदशेठांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. त्यांचे पूर्वज सौराष्ट्रातील वांकानेरचे. व्यापाराच्या निमित्ताने घराणे सोलापूरच्या परिसरात येऊन स्थिरावले. वडील शेठ हिराचंद नेमचंद यांचा सावकारी आणि कापसाचा व्यवहार होता. घरात गुजराती आणि पेठेत मराठी अशा दोन्ही भाषांच्या सहवासात वालचंदांचे बालपण गेले. गुलाबचंद, रतनचंद आणि लालचंद हे त्यांचे बंधू पुढे त्यांच्या उद्योगांत खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

सोलापुरात मॅट्रिक झाल्यावर त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आणि नंतर पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिक्षण घेतले. मात्र पदवी पदरात पडण्यापूर्वीच घरच्या व्यवसायाची हाक आली आणि शिक्षण अर्धवट राहिले. पुढे देशातील मोठमोठे अभियंते आणि अर्थतज्ज्ञ ज्यांच्या मेजाभोवती बसले, त्या वालचंदशेठांच्या नावापुढे एकही पदवी नव्हती.

पिढीजात पेढीवर बसून व्याजबट्ट्याचे हिशेब लिहिण्यात त्यांचे मन रमले नाही. सावकारीत जोखीम थोडी आणि उत्पन्न खात्रीचे. पण त्यातून नवे असे काही उभे राहत नाही, ही खंत त्यांना बोचत होती. अशा वेळी बार्शी लाइट रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी त्यांची गाठ पडली. फाटकांकडे कामाची माहिती होती, वालचंदांकडे थोडी पुंजी आणि अमाप उमेद. एका महाराष्ट्रीय ब्राह्मण कारकुनाने आणि एका गुजराती भाषक जैन व्यापाऱ्याने मिळून ठेकेदारी सुरू केली. बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या छोट्या टप्प्याचे काम हा त्यांचा श्रीगणेशा होता. पेढीवरचा शेठ माळरानावर खडी आणि मुरमाच्या ढिगाशेजारी उभा राहू लागला. रेल्वेच्या ठेक्यात पाऊस लवकर आला, मजूर पांगले किंवा कातळ लागला, की नफा वाहून जातो. ही जोखीम त्यांनी डोळे उघडे ठेवून पत्करली.

या ठेकेदारीतून पुढे मोठी बांधकामे उभी राहिली. फाटक-वालचंद कंपनी १९२० च्या सुमारास टाटांच्या बांधकाम कंपनीत विलीन झाली. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे आणि मुंबईला पाणी पुरवणारी तानसा जलवाहिनी ही त्या काळातील कामे. १९२६ मध्ये त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन केली. पुण्याहून आगगाडीने मुंबईला जाताना बोगद्यांच्या अंधारातून जाणाऱ्या प्रवाशाला हे नाव आठवत नाही. पण त्या अंधारातही सोलापूरच्या या सुपुत्राचे श्रम आहेत.

एका जुन्या आगबोटीची गोष्ट

१९१९ साली पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी युद्धकाळात एक जुनी आगबोट विकत घेऊन तिचे रुग्णालय बनवले होते आणि तिला ‘लॉयल्टी’ हे नाव दिले होते. कॅनडाच्या एका कंपनीची ही सुमारे सहा हजार टनांची बोट आता विक्रीस होती. वालचंदशेठांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्यासह ही बोट घेण्याचे ठरवले. २७ मार्च १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची स्थापना झाली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून इंग्लंडकडे निघाली.

त्या काळी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील आणि परदेशी मालवाहतुकीवर ब्रिटिश कंपन्यांची जवळपास संपूर्ण पकड होती. येथील कापूस, गहू, ताग त्यांच्याच बोटींतून जाई आणि मॅंचेस्टरचे कापड त्यांच्याच बोटींतून येई. अशा समुद्रात देशी कंपनीची बोट निघाली, ही घटना लोकांना अभिमानाची वाटली.

पण अभिमानाने बोट चालत नाही. ‘लॉयल्टी’ जुनी होती आणि तिचा खर्च मोठा होता. तिच्यासाठी माल मिळू नये अशी तजवीज बड्या कंपन्यांनी केली होती. अखेर १९२३ मध्ये ती भंगारात विकली गेली. पहिली बोट चार वर्षांत मोडीत निघाली. कोणत्याही रोजकीर्दीत ही नोंद नुकसान म्हणूनच लिहिली जाईल.

आणि तरीही स्वतंत्र भारताने ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून निवडला. १९६४ पासून तो दरवर्षी पाळला जातो. नफा कमावणाऱ्या कितीतरी बोटी त्या काळी मुंबई बंदरात येत-जात होत्या. त्यांपैकी एकीच्याही प्रयाणाचा दिवस कोणी लक्षात ठेवला नाही. तोट्यात गेलेल्या या बोटीचा दिवस मात्र देशाने आपल्या पंचांगात लिहून ठेवला.

नमते घेऊन टिकून राहणे

ब्रिटिश कंपन्यांनी सिंदियाला नामोहरम करण्यासाठी जी हत्यारे वापरली, ती समजून घेण्याजोगी आहेत. पहिले हत्यार दरयुद्धाचे. ब्रह्मदेशातून येणाऱ्या तांदळासारख्या मालाचे भाडे त्यांनी खर्चाच्याही खाली आणले. ज्याची तिजोरी खोल, तोच अशा लढाईत तग धरतो. दुसरे हत्यार अधिक सूक्ष्म होते. व्यापाऱ्याने ठरावीक मुदतीत आपला सगळा माल त्यांच्याच बोटींतून पाठवला, तर भाड्याचा काही भाग त्याला पुढे परत मिळे. मध्ये एकदा जरी दुसऱ्या कंपनीच्या बोटीत माल चढवला, तरी साचलेली सारी सूट बुडे. वर्षअखेरीच्या सवलतीच्या आशेने एकाच घाऊक व्यापाऱ्याशी बांधला गेलेला किरकोळ दुकानदार ज्याने पाहिला असेल, त्याला या युक्तीची ताकद सांगायला नको. देशी व्यापाऱ्याच्या मनात सिंदियाबद्दल आपुलकी असूनही त्याचा माल परक्या बोटीतच चढत असे.

त्या कंपन्यांचे धुरीण लॉर्ड इंचकेप यांना सिंदिया विकत घ्यायची होती. कंपनी विकून मोकळे होणे हा सोपा मार्ग होता. वालचंदशेठांनी तो नाकारला. अखेर १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. त्यानुसार सिंदियाच्या बोटींचे एकूण वजन ७५ हजार टनांपुरते मर्यादित झाले. तिने किनारी मालवाहतूक करावी, पण परदेशी वाहतुकीत आणि प्रवासी वाहतुकीत पडू नये, असे बंधन आले. ज्या कंपनीचा जन्म इंग्लंडच्या फेरीने झाला, तिलाच इंग्लंडचा मार्ग बंद झाला. वालचंदशेठांना हा करार मनापासून पटलेला नव्हता. पण कंपनी जिवंत राहायची असेल तर तो स्वीकारण्यावाचून गत्यंतर नव्हते.

येथे त्यांच्या स्वभावाची खरी परीक्षा झाली. मानी माणूस अशा वेळी राजीनामा देऊन घरी बसतो आणि आपले म्हणणे कसे खरे होते, ते जन्मभर सांगत राहतो. वालचंदशेठ थांबले नाहीत. मिळालेल्या पायरीवर उभे राहून त्यांनी पुढची पायरी शोधली. किनारी वाहतूक देशी बोटींसाठी राखून ठेवावी, या मागणीसाठी त्यांनी देशभर जनमत उभे केले. १९२८ मध्ये एस. एन. हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात त्यासाठी विधेयक मांडले. परकीय सत्तेच्या आणि ब्रिटिश व्यापारी हितसंबंधांच्या विरोधामुळे त्याचा कायदा झाला नाही. हाही डाव हातून गेला. पण सागरी वाहतूक हा राष्ट्रीय प्रश्न आहे, ही जाणीव त्या चर्चेने देशाला दिली. स्वातंत्र्यानंतर किनारी वाहतूक भारतीय बोटींसाठी राखून ठेवण्यात आली, तेव्हा त्या पराभूत विधेयकाचाच विचार फळाला आला.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली, जिची नोंद कोणत्याही ताळेबंदात सापडणार नाही. ब्रिटिश कंपन्या आपल्या बोटींवर खलाशी म्हणून हिंदी माणसे घेत. अधिकारी मात्र गोरेच असत. १९२७ मध्ये ‘डफरिन’ ही प्रशिक्षण नौका सुरू झाली आणि हिंदी तरुण नौकाधिकारी म्हणून तयार होऊ लागले. शिकून बाहेर पडल्यावर त्यांनी काम कोठे करावे, हा प्रश्न होता. सिंदियाच्या बोटींनी त्यांना आपल्या डेकवर उभे केले. दहा वर्षे हात बांधले गेलेल्या कंपनीने अशा रीतीने पुढच्या पिढीचे कप्तान घडवले.

१९२९ मध्ये नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर वालचंदशेठ सिंदियाचे अध्यक्ष झाले आणि १९५० पर्यंत त्या पदावर राहिले. दरम्यान १९२७ मध्ये त्यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना झाली. लहान गावांतील व्यापाऱ्यांनाही आपले गाऱ्हाणे मांडण्यासाठी एक व्यासपीठ हवे, ही त्यामागची दृष्टी होती.

१९४२ चा एप्रिल महिना

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात एखादा महिना असा येतो, की चहूबाजूंनी आभाळ फाटते. वालचंदशेठांच्या आयुष्यात तो १९४२ चा एप्रिल होता. त्याची पूर्वपीठिका थोडक्यात पाहिली पाहिजे.

१९३९ च्या परदेश प्रवासात विल्यम पॉली या अमेरिकन विमान व्यावसायिकाशी त्यांची भेट झाली आणि हिंदुस्थानात विमाने तयार करण्याची कल्पना त्यांच्या मनाने घेतली. ज्या देशात सायकलींचे भागही बाहेरून येत, तेथे विमान बांधण्याची गोष्ट अनेकांना वेडगळ वाटली. म्हैसूर संस्थानाचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी मात्र तिला आश्रय दिला. संस्थानाने बंगळुरूला जागा दिली, २५ लाख रुपये भांडवल घातले आणि डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. १९४१ मध्ये हिंदुस्थान सरकारही भागीदार झाले आणि त्याच वर्षी तेथे जुळणी केलेले पहिले विमान आकाशात उडाले.

जहाजबांधणीचे स्वप्न याहून जुने होते. कलकत्त्यास गोदीसाठी जागा मिळवण्याचे प्रयत्न फसल्यावर विशाखापट्टणमची निवड झाली. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथे पायाभरणी झाली. परकीय सत्ता कायम असताना काँग्रेसच्या नेत्याच्या हस्ते पायाभरणी करण्यात एक निर्धार होता.

मग १९४२ उजाडले. जपानी सैन्य ब्रह्मदेश ओलांडून हिंदुस्थानच्या दारात येऊन ठेपले. ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले. बांधकाम विस्कळीत झाले आणि यंत्रसामग्री मुंबईला हलवावी लागली. त्याच महिन्यात युद्धाच्या निकडीचे कारण देऊन सरकारने बंगळुरूच्या कारखान्यातील वालचंदशेठांचा हिस्सा विकत घेतला आणि ते त्यातून बाहेर पडले. एकाच महिन्यात जहाजाची गोदी उद्ध्वस्त आणि विमानाचा कारखाना परहस्ते! त्यावेळी शेठजींचे वय साठीला टेकत आले होते.

तिसरे स्वप्न मोटारींचे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्यासह या योजनेसाठी त्यांनी १९३० च्या दशकापासून प्रयत्न चालवले होते. मुंबई प्रांतातील काँग्रेस मंत्रिमंडळाने अनुकूलता दाखवली होती, पण मध्यवर्ती सरकारने साथ दिली नाही. १९४२ च्या आघातांनंतर कोणीही म्हटले असते, की आता पुरे. वालचंदशेठांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. अमेरिकेच्या क्रायसलर कंपनीच्या सहकार्याने कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या वर्षी, पहिल्या गाड्या बाहेर पडल्या.

विशाखापट्टणमची गोदीही पुन्हा उभी राहिली. १४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते ‘जलउषा’ ही आठ हजार टनांची बोट पाण्यात सोडण्यात आली. स्वतंत्र भारतात बांधलेले ते पहिले मोठे आधुनिक जहाज. ‘लॉयल्टी’ परदेशात बांधलेली होती आणि तिचे नाव राजनिष्ठेचे होते. ‘जलउषा’ देशात बांधलेली आणि तिच्या नावात पहाट होती. या दोन नावांच्या मध्ये एकोणतीस वर्षांची वाटचाल आहे.

परंतु जहाजबांधणीचा खर्च एका खासगी कंपनीला पेलण्यापलीकडचा होता. १९५२ मध्ये सरकारने गोदीचा दोन तृतीयांश हिस्सा घेतला. पुढे ती पूर्णपणे सरकारची झाली.

मातीतले उद्योग

समुद्र आणि आकाश यांच्या ओढीत वालचंदशेठांनी मातीकडे पाठ फिरवली नव्हती. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात रावळगाव येथे आणि पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात कळंब येथे त्यांनी विस्तीर्ण जमिनींवर ऊस उभा केला आणि साखर कारखाने काढले. कळंबजवळची वसाहत आज वालचंदनगर या नावाने ओळखली जाते. साखर कारखान्यांची यंत्रे बनवता बनवता तेथील कारागिरांचा हात इतका बसला, की पुढे भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या अग्निबाणांचे भागही तेथे घडू लागले. रावळगावच्या गोळ्यांची चव तर महाराष्ट्रातील कितीतरी पिढ्यांच्या जिभेवर आहे.

अखेरचे दिवस

१९४९ मध्ये वालचंदशेठांना पक्षाघाताचा झटका आला. ज्यांनी आयुष्यभर आगगाडी, आगबोट आणि विमान यांतून अखंड प्रवास केला, ते अंथरुणाला खिळले. १९५० मध्ये ते सर्व उद्योगांतून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरपर्यंत त्यांची सेवा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांनी देह ठेवला. ‘लॉयल्टी’च्या प्रयाणाला चौतीस वर्षे होऊन तीन दिवस लोटले होते.

सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच नगरीत कस्तुरबाईंच्या नावाचेही महाविद्यालय आहे. स्वतः पदवी न घेतलेल्या शेठजींच्या नावाची संस्था हजारो अभियंत्यांच्या पदवीशी जोडली गेली, हा काळाचा सुंदर न्याय म्हटला पाहिजे.

यशाचा ताळेबंद

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वालचंदशेठ जिंकले की हरले?

त्यांना साधुसंतांच्या पंक्तीत बसवण्याचे कारण नाही. ते व्यापारी होते, नफ्याची त्यांना अपेक्षा होती आणि देशहितासोबत आपल्या उद्योगाचे हितही ते पाहत. भांडवलाच्या मानाने त्यांची स्वप्ने नेहमी मोठी असत आणि त्या ओढाताणीत भागधारकांची पुंजीही पणाला लागे. दुसऱ्याचा पैसा हाती असताना धाडस किती करावे, याचा विचार त्यांच्या चरित्राच्या वाचकाने अवश्य करावा. निष्काळजीपणाने पेढी बुडवणाऱ्याने त्यांच्या नावाचा आधार घेऊ नये. प्रत्येक पराजय थोर नसतो.

मग त्यांचे पराजय वेगळे कशामुळे? ताळेबंदाच्या भाषेत बोलायचे, तर मालकी गेली, पण मत्ता शिल्लक राहिली. ‘लॉयल्टी’ मोडीत निघाली, पण देशी कंपनी समुद्रात उतरू शकते हा विश्वास मोडीत निघाला नाही. बंगळुरूचा हिस्सा विकला गेला, पण कारखाना, यंत्रे आणि कामगारांच्या हातातील कसब तेथेच राहिले. त्याच कारखान्याची पुढे १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली. आज भारतीय वायुदलाचे ‘तेजस’ विमान त्याच संस्थेत बांधले जाते. विशाखापट्टणमच्या गोदीत आजही जहाजांची कामे चालतात. आपल्या हातून गेलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात नांदत राहिली, तर तिला नुकसान म्हणावे की दान, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी ठरवावे.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जे त्यांच्या नावावर राहिले, ते तरी कुठे टिकले? ज्या सिंदियासाठी त्यांनी रक्ताचे पाणी केले, ती कंपनी विसाव्या शतकाच्या अखेरीस लयाला गेली. प्रीमियरची पद्मिनी एके काळी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून घराघरांत ओळखीची होती. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती टॅक्सी म्हणून शहराच्या रस्त्यावरून कायमची उतरली. रावळगावच्या गोळ्यांचे नाव २०२४ मध्ये दुसऱ्या मोठ्या उद्योगसमूहाने विकत घेतले. आपल्याकडे बारा भावनांमध्ये पहिली अनित्य भावना सांगितली आहे. विजयचिन्हे, पाट्या, मालकीचे दाखले हे सारे अनित्य आहे. एखाद्याने शिकवलेले कसब, दुसऱ्याला दिलेली संधी आणि मोकळी करून ठेवलेली वाट ही पुढच्यांच्या उपयोगी पडत राहते.

क्रीडाक्षेत्रातही याहून निराळे नाही. कराड तालुक्यातील गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. सहाव्या क्रमांकाला पदक नसते. पण मातीच्या आखाड्यात वाढलेल्या त्या मल्लाने परक्या गादीवर परक्या नियमांनी कसे लढावे, याचा धडा तेथेच घेतला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. आणि कांस्यपदक म्हणजे तरी काय? दोघांच्या मागे असलेला तिसरा क्रमांक. केवळ पहिल्यालाच यशस्वी म्हणायचे असेल, तर खाशाबांनाही त्या यादीतून वगळावे लागेल. महाराष्ट्रातील कोणता माणूस ते मान्य करील?

समाजाच्या गुणगौरव समारंभात व्यासपीठावर येणारी मुले आपण पाहतो आणि त्यांचे कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण त्याच वेळी सभागृहाच्या मागच्या रांगेत एखादा मुलगा खाली मान घालून बसलेला असतो. त्याला गुण कमी पडलेले असतात, किंवा स्पर्धेत त्याचा शेवटून दुसरा क्रमांक आलेला असतो. मोठ्या दालनांच्या आणि घरपोच विक्रीच्या लाटेत ज्याला पिढीजात दुकानाचे शटर ओढावे लागले, असा एखादा मध्यमवयीन गृहस्थही समाजाच्या कार्यक्रमांना येणे हळूहळू टाळू लागतो. चार माणसे विचारतील आणि काय सांगायचे, ही त्याची भीती. त्याच्या दुकानात गज धरायला शिकलेल्या चार मुलांनी आपापली दुकाने थाटली असतील. ग्राहकाच्या मापात त्याने कधी सूतभरही कसर केली नसेल. अडचणीच्या लग्नघरी त्याने उधारीवर बस्ता दिला असेल. हे सारे त्याच्या खात्यात जमा धरायचे की नाही? धरायचे असेल, तर त्याला अपयशी म्हणण्याचा अधिकार कोणालाच पोचत नाही. आणि असा माणूस समाजापासून दुरावत असेल, तर तो दोष त्याच्या तोट्याचा नाही. तो समाजाने वापरलेल्या चुकीच्या मापाचा आहे.

अनेकांतवाद एका वस्तूकडे अनेक बाजूंनी पाहण्यास शिकवतो. तत्त्वचर्चेत आपण तो मान्य करतो, मात्र यशाची गोष्ट निघाली की एकाच बाजूने पाहू लागतो. वालचंदशेठांचे चरित्र या बाबतीत डोळे उघडणारे आहे. १९२३ साली पाहणाऱ्याला ते हरलेले दिसले असते, १९४२ साली पाहणाऱ्याला संपलेले दिसले असते. आज मागे वळून पाहणाऱ्याला त्यांनी पेरलेल्या शेतातील पीक दिसते आहे. प्रत्येक आघातानंतर त्यांनी स्वतःला विचारलेला प्रश्न त्यांच्या कृतीतून वाचता येतो. कोण जिंकले, यापेक्षा आता काय करता येईल, याकडे त्यांची दृष्टी लागलेली असे.

पुढच्या वेळी महामार्गावरून मुंबईकडे किंवा बंगळुरूकडे जाण्याचा योग आला, तर मुलाबाळांना या दोन टोकांची गोष्ट अवश्य सांगावी. त्यात कारखाने कसे उभे राहिले हे जसे सांगावे, तसेच ते कसे हातून गेले हेही लपवू नये. मुलांना आपल्या थोर पुरुषांचे विजय पाठ असतात. त्यांच्या पराजयानंतरची सकाळ कशी होती, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

सोलापूरच्या मातीत जन्मलेल्या आणि जय-पराजयाच्या पलीकडे पाहणाऱ्या या कर्मयोग्याच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन.